सुभद्राबाईंच्या बाटल्या

डॉ. सुभद्रा कोळेकर यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो, तेव्हा आधी आली ती कृतज्ञता नव्हे, संताप आला. ग्रंथाच्या संपादक शैला जगताप या माझ्या वर्गमैत्रीण, सध्या वाईला शिकवतात. त्यांना मी फोनवर स्पष्ट सांगितलं, "मला गोड लिहिता येणार नाही." त्या म्हणाल्या, "गोड लिहिणारे रांगेत उभे आहेत. तू तुझं लिही, मी छापते." तेव्हा पुढे जे येईल त्याची निम्मी जबाबदारी त्यांची.

बाईंची आणि माझी ओळख साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला झाली. मी कोरेगाव तालुक्यातला. घरात ऊस आणि मिलिटरी, दोनच विषय. प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक कापायचा, एवढंच ऐकून आलो होतो. बाईंनी बेडूक दिला नाही. एक काचेची बाटली वर्गात फिरवली आणि विचारलं, "आत काय दिसतंय?" आम्ही एकजात सांगितलं, पाणी. कुणीतरी धीर करून "गढूळ पाणी" म्हणालं. बाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. "धुळीसारखं जे दिसतंय ना, त्याच्याकडं बघ. प्रत्येक कणाला दोन काळे ठिपके हायत. डोळे हायत ते, निकम. माशांची पिल्लं हायत ती." मी पाहिलं. केसाच्या तुकड्याएवढ्या त्या पांढुरक्या जिवांना खरंच डोळे होते. त्या दिवसापासून मी प्राणिशास्त्राचा झालो, आणि घरच्यांच्या मते वाया गेलो.

बाई मूळच्या जत तालुक्यातल्या. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. पिण्याचं पाणी जिथे डोक्यावरून आणायचं, तिथल्या मुलीनं आयुष्यभर समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करावा, याचं लोकांना हसू यायचं. नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा एका सहलीबरोबर त्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर गेल्या. मे महिना होता. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी उतरलं आणि खालचं हिरवं गवत उघडं पडलं. ते शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं असलेलं, खाऱ्या पाण्यात बुडून वाढणारं खरंखुरं गवत. बरोबरचे प्राध्यापक शंख गोळा करत होते, मुलं फोटो काढत होती. बाई गवतात वाकल्या आणि त्यांना पात्यांच्या आडोशाला इवल्याशा पिलांचे थवे दिसले.

पुढे हा विषय आम्हाला शिकवताना त्या पुस्तकी व्याख्या कधीच आधी देत नसत. म्हणत, "आमच्याकडं मेंढरं चरायला गेली की बारकी कोकरं डालग्याखाली झाकून ठेवत्यात. बाहेर ठेवली तर लांडगा हाय, घार हाय. समुद्रातल्या पिल्लांचं डालगं म्हंजी हे गवत." परीक्षेत मी तेच लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली. बाईंनी ते ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "परीक्षकांच्या घरी मेंढरं नसतील."

आता पहिला राग. बाईंनी उन्हाळ्यातल्या मत्स्यअंड्यांचा आणि पिलांचा अभ्यास करायचा ठरवला तेव्हा आमच्याच विभागातून त्यांना सांगण्यात आलं की, घाटावरच्या कॉलेजला समुद्राचं काय काम? दुष्काळी भागातल्या बाईंनी ज्वारीवरची कीड अभ्यासावी. किनाऱ्यावरच्या विद्वानांनी सांगितलं, इथं आम्ही आहोत ना! म्हणजे घाटावरच्यांनी खाली उतरू नये आणि खालच्यांनी मे महिन्याच्या उन्हात पाण्यात उतरू नये, अशी ही सोय होती. बाई दोघांशीही भांडल्या नाहीत. कॉलेजला सुट्टी लागली की खोकी भरून एस. टी.नं निघायच्या. सुट्टी त्यांची स्वतःची होती, तिच्यावर कुणाची सही लागत नव्हती.

मीही त्या वारीला लागलो. दर मे महिन्यात आम्ही चार-पाच विद्यार्थी, बाई, बारीक जाळीचं एक लांबोडकं जाळं आणि रिकाम्या बाटल्यांची खोकी. एरवी सहावारी नेसणाऱ्या बाई तिथे नऊवारीचा कासोटा घालून पाण्यात उतरत. गवतावरून जाळं अलगद ओढायचं, गवत उपटायचं नाही, जाळ्याच्या टोकाला साठलेलं बाटलीत घ्यायचं, ते टिकावं म्हणून फॉर्मॅलिनचं औषध घालायचं, चिठ्ठी लावायची. सोपं वाटतं. पाठीवर ऊन घेऊन कमरेएवढ्या पाण्यात वाकून सकाळभर करून बघा. पहिल्या वर्षी आमची ही मेहनत पाहून काठावरची एक कोळीण मला म्हणाली, "अरे बाबा, तुका मासो होयो तर बाजारात गावतलो मा!" बाई पाण्यातूनच ओरडल्या, "बाजारात गावतो, पण येतो हितनं!" त्या कोळिणीनं दुपारी आम्हाला सोलकढी पाठवली.

परतीच्या प्रवासाची गंमत वेगळीच. तपासणी नाक्यावर एस. टी.त पोलीस चढायचा, आमच्या खोक्यांतून बाटल्यांचा किणकिणाट ऐकू यायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर शिकार सापडल्याचा आनंद पसरायचा. "गोव्याची का?" एका हवालदारानं तर झाकण उघडून हुंगलं आणि औषधाच्या वासानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बाईंनी त्याला आपल्या घागरीतलं पाणी दिलं, डोळे धुवायला लावले आणि बाटली उजेडात धरून पिलं दाखवली. गाडी खोळंबली. निम्मे प्रवासी बघायला गोळा झाले. कंडक्टर शेवटी वैतागून म्हणाला, "आवं बाई, शाळा साताऱ्यात भरवा की!"

बाईंनी माणसं कशी सांभाळली, याचं एक उदाहरण या ग्रंथाच्या संपादकांचंच देतो. शैला खंडाळा तालुक्यातली. मुलींनी समुद्रात उतरायचं म्हटल्यावर तिच्या घरी वादळ झालं. बाई स्वतः तिच्या गावी गेल्या, ओसरीवर बसल्या. शैलाची आई तडक म्हणाली, "आवं बाई, तुमी लाख चांगल्या. पर पोरगी पान्यात उतरणार, लोक बघणार. आमाला न्हाई चालायचं."

"मग तुमीबी चला," बाई म्हणाल्या.

"मी? मी काय करू तितं?"

"पोरीवर ध्यान ठेवा."

आणि ती माउली खरोखर आली. पहिला दिवस काठावर छत्री धरून बसली. दुसऱ्या दिवशी कासोटा खोचून जाळ्याचं दुसरं टोक तिच्या हातात होतं. सूक्ष्मदर्शकातून पिलू पाहिल्यावर तिनं पुन्हा एकदा डोळा लावला. मग म्हणाली, "लय बारकी हाय वं. आन् आय कुटं असंल हिची?" त्यानंतर शैलाला कुणी अडवलं नाही. अशा पद्धतीनं मुलगी शिकवता येते, हे आपल्या शिक्षणसंस्थांच्या कोणत्याही परिपत्रकात नाही.

इथपर्यंत गौरवलेखाला शोभेल असं झालं. आता ज्यासाठी मी लेखणी उचलली ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी त्या खाडीच्या तोंडाशी पर्यटकांच्या होड्यांसाठी धक्का बांधायचं ठरलं. त्यासाठी तळ खोल करायचा, म्हणजे गवत खरवडून काढायचं. नियमाप्रमाणे जनसुनावणी झाली. बांधणाऱ्यांनी अहवाल आणला होता: सदर ठिकाणी चिखलाशिवाय काही आढळलं नाही. आणि पाहणी कधी केली होती? भर पावसाळ्यात! तेव्हा पाणी लालभडक, गवत झडलेलं, हात घातला तर हात दिसत नाही. उन्हाळ्यात जिथं पाऊल टाकायला आम्ही जपायचो, तिथं हे पावसाळ्यात जाऊन चिखल बघून आले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. आपल्या बाटल्यांची दोन खोकी घेऊन त्या सुनावणीला उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षांच्या मे महिन्यांतल्या बाटल्या. या वर्षी कोणती पिलं, त्या वर्षी कोणती, गवत दाट होतं तिथं काय, विरळ होतं तिथं काय, सगळं दाखवलं. टेबलापलीकडचा एक सुटाबुटातला गृहस्थ म्हणाला, "मॅडम, तुमच्या वयाच्या बायका नातवंडं खेळवतात." बाई म्हणाल्या, "मीबी तेच करते." मी तिथे होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, बाईंचा आवाज चढला नव्हता. निकाल लागला तो आपल्याकडे लागतो तसाच. निम्म्या पट्ट्याला परवानगी, उरलेल्या निम्म्याचं पुढे बघू. सुनावणी घेणारे अधिकारी उठताना बाईंना म्हणाले, "या बाटल्या नीट ठेवा. दुसऱ्या टप्प्याच्या वेळी याच लागतील."

निम्मं गवत गेलं. तिथे आता होड्या लागतात आणि काठावर वडापाव मिळतो. तिथे कधी काय जगत होतं याचा पुरावा फक्त आमच्या कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या मांडण्यांवर उरला होता. दुसऱ्या टप्प्याची सुनावणी यंदाच्या पावसाळ्यानंतर आहे. हे प्राचार्यांना ठाऊक होतं. संस्थेला ठाऊक होतं. बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं होतं, आणि त्यांना चहा पाजून "निश्चिंत राहा" असं सांगण्यात आलं होतं.

मग आला अमृतमहोत्सव. संस्थेला एकदम बाईंचा पुळका आला. सत्कार समिती झाली, ग्रंथ ठरला, मान्यवरांची तारीख मिळाली. आणि बाईंच्या नावानं कॉलेजात सभागृह करायचं ठरलं. जागा? जुनी प्रयोगशाळा! जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, पण इथे मलम लावायला जागा हवी म्हणून मांडीच कापली.

मी तासगावला असतो. शैलाचा फोन आला तसा निघालो. कॉलेजात पोचलो तेव्हा प्रयोगशाळेच्या भिंतींना गुलाबी रंग लागला होता. मांडण्या बाहेर उन्हात पडल्या होत्या. आणि नव्या व्यासपीठाच्या कडेनं, सजावटीचा नमुना म्हणून, बाईंच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या. चिठ्ठ्या भिजवून, खरवडून काढलेल्या. प्रत्येकीत निशिगंधाची कांडी.

प्राचार्य समोर आले ते हसतच. त्यांचं मन वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितो. वाईट असतं तर भांडायला सोपं गेलं असतं. म्हणाले, "सर, कल्पना आवडली का? बाईंच्याच बाटल्या, बाईंच्याच सत्काराला. नवीन फुलदाण्या आणता आल्या असत्या, पण म्हटलं जरा जिव्हाळ्याचं काहीतरी."

"आत जे होतं ते कुठाय?"

"आत काही नव्हतं हो. जुनं पाणी होतं."

प्राणिशास्त्राचा विभाग असलेल्या कॉलेजचा प्राचार्य हे बोलला! मी काय काय बोललो ते या ग्रंथात छापण्यासारखं नाही आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. प्राचार्य दुखावले. म्हणाले, "बाईंच्या नावाचं सभागृह होतंय, सर, आणि तुम्हीच अडवणूक करता?" भिंतीवर नाव कोरलं की माणसाचं काम बेसिनात ओतायला आपण मोकळे, ही आपली सन्मानाची रीत आहे. पुतळे उभारण्यात आणि नावं देण्यात आपला हात कुणी धरणार नाही. त्या नावाच्या माणसानं केलं काय, एवढं मात्र कुणी विचारू नये.

तेवढ्यात बाई आल्या. शैलानं त्यांनाही कळवलं होतं. त्या दारात उभ्या राहिल्या, फुलांची ओळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मला वाटलं, आता कोसळतील. मी खुर्ची ओढली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बाटल्या धुतल्या कुणी?"

दगडूमामा पुढे आला. कॉलेजचा जुना शिपाई, बाईंच्या हाताखाली वर्षं काढलेला. त्याचं तोंड उतरलं होतं. "मी धुतल्या, बाई. सायबांनी सांगितलं. मला वाटलं, तुमाला इचारलं आसंल."

"हातमोजं व्हतं का?"

"न्हाई."

"डोळं चुरचुरत्यात?"

"कालपास्नं लय."

"मग हितं का उभा ऱ्हायलास रं? चल."

आणि बाई त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. आम्ही सगळे, प्राचार्य, मी, समितीचे सदस्य, रंगारी, तिथेच उभे. एवढ्या माणसांत, ते औषध माणसाच्या कातडीला नि डोळ्याला काय करतं हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी आपला भांडत बसलो होतो.

मे महिन्याच्या बाटल्या सगळ्या गेल्या. कारण त्याच एकसारख्या आकाराच्या होत्या आणि ओळीत छान दिसत होत्या. वेड्यावाकड्या बरण्यांतले इतर महिन्यांचे काही नमुने माळ्यावर टाकले होते, ते वाचले. मे महिन्यातलं गवत किती भरलेलं असतं हे दाखवायला ते उपयोगाचे नाहीत. खरवडून गेलेल्या निम्म्या पट्ट्यात काय होतं, हे आता जगात कुणालाही दाखवता येणार नाही. तिथे चिखल होता असं म्हणणाऱ्यांना आम्ही स्वतःच्या हातांनी खरं केलं, वर निशिगंध खोचून.

संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. म्हटलं, "बाई, सत्कार नाकारा. जाहीर नाकारा. मी पत्रक काढतो."

बाई कुकर लावत होत्या. म्हणाल्या, "पत्रकानं काय व्हणार?"

"निदान यांना लाज तरी वाटेल."

"लाज वाटून गवत उगवतं व्हय?" त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिथीवर बोट ठेवलं. "उरलेला निम्मा पट्टा अजून हाय. सुनावणी पावसाळ्यानंतर. मे संपायचा हाय. मान्यवरांची तारीख हाय ना, त्या दिवशी सकाळची ओहोटी लय चांगली हाय. जाळं मी शिवून ठेवलंय. तू येतोस का?"

हे ऐकून मला आनंद झाला असं कुणी समजू नये. मला आणखी राग आला. पंच्याहत्तरीच्या बाईंनी आराम करावा, शाल घ्यावी, कौतुक ऐकावं, हे त्यांच्या हक्काचं होतं. ते सोडून मे महिन्याच्या उन्हात त्यांना पुन्हा पहिल्या बाटलीपासून सुरुवात करावी लागते, ही त्यांच्या जिद्दीची गौरवगाथा म्हणून कुणी भाषणात सांगितली तर मी उठून उभा राहीन. ही जिद्द त्यांची आहे, पण ती वेळ आपण आणली आहे. ज्यांना बाईंचं कौतुक वाटतं त्यांनी टाळ्या वाजवू नयेत. सुनावणीच्या दिवशी त्या गावी येऊन बसावं.

तेव्हा हा ग्रंथ हातात घेऊन गुलाबी भिंतींच्या त्या सभागृहात बसलेल्या सज्जनांनो, व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी का, याच्या चौकशा करू नका. सत्कारमूर्तींना बरं नाही, असं निवेदक सांगतील. ते खोटं आहे. सत्कारमूर्ती ठणठणीत आहेत. या क्षणी त्या कमरेएवढ्या पाण्यात आहेत. जाळ्याचं एक टोक त्यांच्या हातात आहे, दुसरं शैलाच्या, आणि काठावर खोकी सांभाळत मी आहे.

अशा प्रसंगी शतायुषी व्हा म्हणायची पद्धत आहे. बाईंना ते आयुष्य शोभेसाठी नको आहे. त्यांनी साठवलेले उन्हाळे आपण एका दुपारी बेसिनात ओतले. ते पुन्हा भरायला जेवढी वर्षं लागतील तेवढी त्यांना मिळोत, पाण्यात उभं राहण्याचं बळ मिळो आणि डोळे असेच राहोत. हे मागायला आपल्याला तोंड नाही. तरी मागतो.